गप्पीचं मूळ पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेत जमतो ते डॉक्टरसाहेब हिवताप विभागात होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या विभागाच्या हाताशी साधनं मोजकीच. फवारणीचे पंप, क्लोरोक्विनच्या गोळ्या, रक्ताचे नमुने घ्यायच्या काचपट्ट्या आणि एक मासा. पहिल्या तिन्हींवर भरपूर लिहून-बोलून झालंय. माशाकडे कुणी वळून पाहिलेलं नाही, म्हणून मी आज तोच विषय घेतला. ज्या माशावर डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर भरवसा ठेवला त्याची थोडी उलटतपासणीही मी करणार आहे. वाद घालायला ते कधी मागे हटत नसत, असं त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक सांगतात. तेव्हा तेवढी मोकळीक मी घेतो.

गप्पी मासा आपण सगळ्यांनी पाहिलाय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटची एक टाकी असते आणि तिच्यावर ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी अक्षरं रंगवलेली असतात. पावसाळा तोंडावर आला की आरोग्यसेवक गाळणीनं मासे काढतो, प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट भरतो आणि पडक्या विहिरीत, हौदात, बांधकामाच्या खड्ड्यात, देवळामागच्या डबक्यात सोडून येतो. अहवालात त्यासाठी रकाना असतो, तो भरला जातो. शहरात हेच काम महापालिका करते. पोरं गटारातून हेच मासे बाटलीत पकडतात, आणि याच माशाच्या लांब शेपटीच्या रंगीत जाती मत्स्यालयाच्या दुकानात जोडीवर विकल्या जातात. आपली ओळख इथे संपते. तो मूळचा इथलाच, असं समजणारे बरेच भेटतात. शंभर वर्षांहून अधिक काळ जो आपल्या दारात आहे त्याला परका कोण म्हणणार?

त्याचं मूळ पाणी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम आणि त्यांच्यासमोरचं त्रिनिदाद बेट, या पट्ट्यातल्या समुद्राला मिळणाऱ्या छोट्या नद्या आणि त्यांना येऊन मिळणारे ओढे. त्यातल्या त्रिनिदादबद्दल मी आज बोलणार आहे, कारण या माशाची खरी कहाणी तिथल्या डोंगरात उलगडली.

मराठी माणसाला त्रिनिदाद माहीत आहे ते क्रिकेटमुळे. १९७१ साली गावसकरांनी पहिला कसोटी सामना खेळला तो पोर्ट ऑफ स्पेनला. १९७६च्या एप्रिलमध्ये त्याच मैदानावर भारतानं ४०३ धावांचं लक्ष्य चार गडी गमावून पार केलं. रात्री रेडिओला कान लावून बसलेली पिढी या सभागृहात असेल. त्या मैदानाच्या उत्तरेला डोंगरांची रांग दिसते. तीच ‘नॉर्दर्न रेंज’. त्याच १९७६ साली तिथल्या एका ओढ्यात एक संशोधक बादलीतून मासे सोडत होता. त्याच्याकडे मी येतोच.

त्रिनिदाद क्षेत्रफळानं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं लहान. नॉर्दर्न रेंज बेटाच्या उत्तर कडेनं पूर्व-पश्चिम पसरलीय आणि तिचा सर्वांत उंच माथा ९४० मीटरचा आहे. दक्षिण उतारावरच्या नद्या मैदानात येतात. त्यातल्या बऱ्याच कॅरोनी नदीला मिळून पश्चिमेच्या आखातात जातात, काही ओरोपुचे नदीतून पूर्वेला अटलांटिकला. कॅरोनीचं मैदान म्हणजे उसाचा मुलूख. १८४५पासून करारावर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी तिथे ऊस तोडला आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. उत्तर उतारावरच्या पारिया, मारियान, यारा या नद्या मात्र कोकणातल्या नद्यांसारख्या आखूड. डोंगरातून निघाल्या की थोडक्यात समुद्रात. डोंगर पावसाचा, जंगल दाट, आणि प्रत्येक ओढ्यावर धबधबे. काही पुरुषभर उंचीचे, काही त्याहून मोठे. हे धबधबे लक्षात ठेवा. या कहाणीतलं सगळं त्यांच्यापाशी अडतं.

आता मासा जवळून पाहू. नर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. अंग इतकं पातळ की उन्हात आतला कणा दिसावा. त्या अंगावर नारिंगी, काळे, पिवळे डाग आणि मान वळवावी तसे निळे-हिरवे होणारे चमकदार ठिपके. दोन नरांची नक्षी सहसा सारखी नसते. मादी नराच्या दीडपट-दुप्पट, करड्या-मातकट रंगाची, आणि पोटाच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग. पिलं वाढत असतील तर हा डाग गडद दिसतो. हा मासा अंडी घालत नाही. तीन-चार आठवडे पिलं पोटात वाढतात आणि जन्मल्याक्षणी पोहायला लागतात. नराच्या पोटाखालचा एक पर नळीसारखा लांबट झालेला असतो, त्यातून तो वीर्य मादीच्या शरीरात सोडतो. मादी ते कित्येक महिने साठवून ठेवू शकते. प्रियाराधनाच्या वेळी नर मादीसमोर येऊन अंगाला नागमोडी बाक देतो आणि त्याच स्थितीत थरथरतो. मादीला पटलं तर ती जवळ सरकते. बहुतेक वेळा पटत नाही. मग नर मागून येऊन जबरदस्तीचा प्रयत्न करतो, तोही बहुतेक वेळा फसतो. दिवसभर हेच चालू असतं.

नावाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८५९ साली बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सनी व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ‘पोइसिलिया रेटिक्युलाटा’ हे नाव दिलं. पुढे त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. ते भूगर्भशास्त्राचे अभ्यासक होते आणि तिथल्या शाळाखात्यात तपासणी अधिकारी. १८६६ साली अल्बर्ट गुंथरनी त्या माशांना त्यांचं नाव दिलं. मासा आधीच नोंदलेला निघाला, तेव्हा ते शास्त्रीय नाव बाद झालं. आडनाव मात्र जगभर माशाला चिकटलं.

धबधब्यांकडे येऊ. नदीच्या खालच्या भागात गप्पीला खाणारे मासे आहेत. मुख्य शत्रू क्रेनिसिक्ला, लांबट जबड्याचा. त्याच्या जोडीला होप्लिअस मालाबारिकस. नाव ऐकून चमकला असाल. १७९४ साली ब्लॉख नावाच्या जर्मन अभ्यासकानं तो हिंदुस्थानातला समजून मलबारच्या नावानं नोंदवला. मलबारच्या पाण्यात तो कधीच नव्हता. हे दोघे धबधबा चढू शकत नाहीत. गप्पी कसाबसा काही ठिकाणी वर पोचलाय. तिथे त्याच्या सोबतीला रिव्ह्युलस नावाचा एकच छोटा मासा असतो, तो पावसाळी रात्री ओल्या दगडांवरून उड्या मारत पुढच्या डोहात जातो. रिव्ह्युलस गप्पीची पिलं खातो, मोठ्या माशाच्या वाटेला तो फारसा जात नाही. म्हणजे एकाच ओढ्यात, शे-दोनशे मीटरच्या अंतरात, एकाच माशाचे दोन प्रकारचे संसार. धबधब्याखाली मरण रोजचं, वर निवांत.

हा फरक पद्धतशीरपणे पाहिला तो अमेरिकन संशोधक कॅरिल हॅस्किन्स आणि त्यांच्या पत्नी एडना यांनी. खालच्या डोहातले नर फिक्या रंगाचे आणि वरच्या डोहातले भडक, असं त्यांना दिसलं. मादीला नारिंगी नर आवडतो, शत्रूलाही तो लवकर दिसतो, आणि कोणाचं पारडं जड ते डोहावर ठरतं. १९५७ साली हॅस्किन्सनी एक प्रयोग केला. कॅरोनीच्या खोऱ्यातल्या अरिमा नदीतले २०० गप्पी उचलून ओरोपुचेच्या खोऱ्यातल्या तुरुरे नदीच्या वरच्या अंगाला सोडले. तिथे तोवर गप्पी नव्हता. त्या २०० माशांचं पुढे काय झालं, ते शेवटाकडे सांगेन. आपल्या पैदास केंद्रांशी त्याचा थेट संबंध आहे.

नंतर आले जॉन एंडलर, बादलीवाले ते संशोधक. त्यांनी आधी प्रिन्स्टनच्या काचघरात १० कृत्रिम डोह बांधले. काहींच्या तळाला बारीक खडी, काहींत जाडी. काहींत क्रेनिसिक्ला, काहींत रिव्ह्युलस, काहींत शत्रूच नाही. वेगवेगळ्या ओढ्यांतले गप्पी एकत्र मिसळून त्यांनी सगळीकडे सोडले आणि पिढ्या मोजत बसले. शत्रू असलेल्या डोहांत नरांचे डाग कमी झाले आणि खडीला जुळते झाले. बारीक खडीवर बारीक डाग, जाडीवर मोठे. शत्रू नसलेल्या डोहांत बरोब्बर उलट घडलं. डाग वाढले, आणि खडीवर उठून दिसतील असे झाले. एवढ्यावर त्यांनी थांबायचं नाकारलं, हे मला फार आवडतं. काचघरात घडतं ते डोंगरात घडेलच असं नाही. म्हणून १९७६ साली त्यांनी अरिपो नदीच्या शत्रूंनी भरलेल्या डोहातले गप्पी पकडून तिच्याच एका उपओढ्यात, गप्पी नसलेल्या पट्ट्यात, सोडले. तिथे फक्त रिव्ह्युलस होता. दोन वर्षांनी जाऊन पाहिलं तर नर भडक झालेले. दोन वर्षं म्हणजे गप्पीच्या १५च्या आसपास पिढ्या. १९८०मध्ये त्यांचा निबंध ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला.

यात खरोखर काय घडलं ते नीट समजून घ्यावं लागेल. कोणत्याही माशानं स्वतःचा रंग बदलला नाही. रंगाचे बरेच जनुक नराच्या वाय गुणसूत्रावर असतात आणि बापाकडून थेट मुलाकडे जातात. कोपनहेगनला योहानेस श्मिट यांनी १९२० साली हे याच माशावर दाखवलं होतं आणि पाठोपाठ ओयविंद विंगे यांनी त्याची फोड केली. वरच्या ओढ्यात भडक बापांचे मुलगे वाचले, त्यांना माद्या जास्त मिळाल्या, आणि त्यांची संख्या वाढली. डार्विननं सांगितलं ते हेच, फक्त त्याला वाटलं होतं की ते इतक्या संथपणे चालतं की माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना दिसायचं नाही.

नारिंगीबद्दल एक बाजूची गोष्ट सांगतो. त्या डागांतला काही रंग अन्नातून येतो. शेवाळातलं कॅरोटिन नसेल तर डाग फिके राहतात, म्हणजे नर धडधाकट आणि पोटभर खाणारा आहे की नाही, हे मादीला डागावरून कळतं. शास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण बरेच दिवस पुरेसं मानलं. मग हेलन रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात नुसत्या रंगीत चकत्या टाकून पाहिल्या, तर नारिंगी चकतीला नर आणि मादी दोघंही चोच मारल्यासारखे टोचायला आले. त्या जंगलात नारिंगी फळं ओढ्यात पडतात आणि गप्पी त्यांच्यावर तुटून पडतात. मादीची आवड मुळात खाण्याची असेल आणि नरानं तिचा फायदा उचलला असेल, असा कयास त्यातून निघाला. २००२चं हे काम. मला ते पटतं, कारण त्यात मादीला कुणी सौंदर्यशास्त्रज्ञ करून टाकलेलं नाही.

रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्याकडेच बघत बसतो. डेव्हिड रेझनिक यांनी जे मोजलं ते सहज दिसण्यासारखं नव्हतं: वयात यायला किती दिवस लागतात, एका वेळी पिलं किती होतात, आणि प्रत्येक पिलू किती वजनाचं. धबधब्याखालचे गप्पी लहान वयात, लहान आकारात वयात येतात आणि पुष्कळ लहान-लहान पिलं देतात. उद्या कुणी गिळणार असेल तर आज वंश वाढवलेला बरा. वरचे गप्पी सावकाश वाढतात, पिलं कमी देतात, पण दणकट देतात. १९८१ साली रेझनिक यांनी एल सेद्रो ओढ्यात धबधब्याखालचे मासे धबधब्यावर नेऊन सोडले. चार वर्षांतच नर उशिरा आणि मोठे होऊन वयात यायला लागले. माद्यांना जास्त वेळ लागला, पण पुढे त्याही वळल्या. आता कुणी म्हणेल, वरच्या ओढ्यात खाणंपिणं वेगळं, म्हणून वाढ वेगळी. ही शंका रेझनिक यांनी आधीच धरली होती. दोन्हीकडचे मासे त्यांनी प्रयोगशाळेत एकाच अन्नपाण्यावर दोन पिढ्या वाढवले. फरक टिकला, म्हणजे तो रक्तातच उतरला होता. एंडलर यांनी अरिपोत सोडलेल्या माशांवरच्या ११ वर्षांच्या कामाचा निबंध १९९०मध्ये ‘नेचर’मध्ये आला, आणि १९९७ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी या बदलाचा वेग मांडला. जीवाश्मांवरून जो वेग काढला जातो त्याच्या दहा हजार ते एक कोटी पट.

इथे एक धक्काही बसला. जिथे मरण जवळ असतं तिथे म्हातारपणाची तयारी कोण करतो, तेव्हा धबधब्याखालचे मासे लवकर म्हातारे होत असतील, असा शास्त्राचा जुना ठोकताळा होता. प्रयोगशाळेत सुरक्षित ठेवल्यावर उलटंच दिसलं. खालचे मासे जास्त जगले आणि त्यांना जास्त काळ पिलं होत राहिली. फक्त चपळाई त्यांची लवकर ओसरली. २००४ साली हे छापून आल्यावर पाठ्यपुस्तकातला सोपा उतारा अवघड झाला.

हे सगळं इतक्या सविस्तर का सांगितलं? आपल्या सरकारी कागदांत गप्पी हे एक साधन आहे. औषधाच्या पुड्यांसारखं: इतके मासे, इतकी डबकी. औषधाच्या पुडीचा गुण छापलेला असतो, कुठेही उघडली तरी तोच. गप्पीचं तसं नाही. त्याला ज्या पाण्यात सोडाल, त्या पाण्यानुसार काही वर्षांत तो वेगळा मासा होतो. वय, आकार, पिलं, रंग, सगळं सरकतं. आणि खाणंही सरकतं, हे आपल्या कामाचं आहे. त्रिनिदादमध्ये शत्रूंच्या सावलीत वाढणारे गप्पी किडे-अळ्या जास्त निवडून खातात. वरच्या, निर्धास्त आणि गर्दीच्या डोहांतले गप्पी शेवाळ आणि कुजलेला पाला-गाळ यांवर जास्त भागवतात. २०१०च्या सुमारास बासार आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम ओढ्यांत हे दोन प्रकार सोडून दाखवलं की ओढ्यातल्या शेवाळाचं आणि किड्यांचं गणितच त्यामुळे बदलतं. आता पडक्या विहिरीचा विचार करा. शत्रू शून्य, गर्दी भरपूर, भिंतीला शेवाळ. ही परिस्थिती धबधब्याच्या वरच्या डोहाची की खालच्या?

हिंदुस्थानात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला गेला, डासांसाठीच. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला १८९७ साली दाखवलं होतं आणि त्यानंतर प्रत्येक साचलेल्या पाण्याकडे बघायची नजर बदलली. मुंबईत अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. सी. ए. बेंटली यांच्या १९११च्या अहवालानंतर विहिरी बुजवा किंवा झाका, असा धोशा लागला. विहिरी पूजेच्या, लोक कसे ऐकणार? अशा वेळी विहीर न बुजवता तिच्यात सोडता येईल असा जीव प्रशासनाला सोयीचा होता, हे उघड आहे. १९२८ साली इटलीहून गॅम्बुसिया नावाचा त्याचाच भाऊबंद आणला गेला. तो जास्त मारकुटा. घाण पाण्यात टिकाव धरण्यात मात्र गप्पीचा हात कुणी धरू शकत नाही. प्राणवायू कमी झाला की तो पृष्ठभागाला येतो आणि वर वळलेल्या तोंडानं पाण्याचा अगदी वरचा पातळ थर ओढत राहतो. त्रिनिदादमध्ये ला ब्रेआ इथे डांबराचं तळं आहे. नैसर्गिक डांबर, तेलकट पाण्याची डबकी, आणि त्या डबक्यांत गप्पी. आपल्या शहरांतल्या नाल्यांना त्यानं का नाकं मुरडावीत?

मग त्याचा उपयोग होतो का? कुठे, यावर अवलंबून आहे. बंद पाण्यात होतो. कंबोडियात खेड्यापाड्यांत पाण्याचे मोठे रांजण असतात, त्यांत गप्पी सोडल्यावर डेंगीच्या डासाच्या अळ्या खूप कमी झाल्या, असं २००८च्या अभ्यासात दिसलं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९८३पासून व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली कीटकनाशकाशिवाय हिवताप आटोक्यात आणायचं काम झालं. त्यात गप्पी होता. त्याच्या जोडीला खड्डे बुजवणं, पाणी वाहतं करणं, घरोघरी जाऊन समजावणं हेही होतं, आणि ते गप्पीपेक्षा कष्टाचं होतं. पण अळ्या कमी होणं आणि ताप कमी होणं या दोन गोष्टी आहेत. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेनं या विषयावरचे अभ्यास चाळले. पहिल्यांदा २०१३ साली, पुन्हा २०१७मध्ये. अळ्या काही पाण्यांत कमी होतात, पण मासे सोडल्यानं माणसांतला हिवताप घटला असं दाखवणारा भरवशाचा अभ्यास त्यांना सापडला नाही. डॉक्टरसाहेबांच्या पिढीला असे अभ्यास करायला सवड नव्हती, त्यांच्यासमोर तापानं फणफणलेली माणसं होती. आपल्याला सवड आहे.

आता तुरुरेतले ते २०० मासे. हॅस्किन्स यांनी त्यांना वरच्या अंगाला सोडलं आणि खालच्या बाजूला ओरोपुचे खोऱ्यातले गप्पी आधीपासून होते. दोन खोऱ्यांतले गप्पी दिसायला सारखे, पण रक्तानं खूप दूरचे. ओरोपुचेच्या गप्पीला आता काही अभ्यासक वेगळी जात मानतात. तीन दशकांनी अॅन मॅगुरन आणि त्यांचे सहकारी तुरुरेत गेले, प्रथिनांवरून मासे तपासले, तर आलेल्यांचे वंशज धबधब्यांवरून खाली उतरत उतरत नदीभर पसरले होते आणि मूळच्या गप्पींची जागा त्यांच्या जनुकांनी घेतली होती. वर चढता येत नाही, पण खाली उतरायला कोण अडवतो? प्रयोग करणाऱ्यांनी एका माणसाच्या हयातीत उत्क्रांती पाहिली. त्याच हयातीत, अनवधानानं, एका खोऱ्याचा मासा पुसला जायलाही सुरुवात झाली.

शिवाय त्यासाठी २०० मासे लागत नाहीत. २०११ साली एमी डीकन, इंदर रामनारायण आणि मॅगुरन यांनी एकेक जंगली मादी वेगवेगळ्या टाक्यांत एकटी ठेवली. साठवलेल्या वीर्यावर तिनं पिलं दिली, पिलांची पिलं झाली, आणि दोन वर्षांनंतरही बहुतेक टाक्यांत मासे नांदत होते. गप्पी मूळ प्रदेशाबाहेर ७०च्या आसपास देशांत स्थिरावलाय, त्याचं कारण यात आहे. आरोग्यसेवकाच्या पिशवीतून नाल्यात निसटलेली एक मादी पुरते.

सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. उन्हाळ्यात त्यांचे डोह आटून घरातल्या खोलीएवढे होतात, आणि त्याच दिवसांत तिथे गप्पी दाटीनं असेल तर पिलांच्या अन्नासाठी आणि जागेसाठी झटापट होते. २०१६ साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून बजावलं की डासांसाठी गप्पी सोडण्याचा फायदा सिद्ध नाही आणि धोका खरा आहे. त्यांत कित्येकजण गप्पीचेच अभ्यासक होते. माशाच्या प्रेमात पडलेली माणसंच तो सोडू नका म्हणत होती.

माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. टाकी, हौद, कारंजं, तळघरात साचलेलं पाणी, चारी बाजूंनी बंद असलेली विहीर, इथे गप्पी खुशाल सोडा, आणि अहवालाच्या रकान्यात सोडलेल्या माशांबरोबर दोन महिन्यांनी मोजलेल्या अळ्याही लिहा. पुरात ज्याचं पाणी ओढ्याला मिळतं तिथे सोडू नका, मग ते डबकं कितीही डासांचं असो. कोकणात तर जुलैत कुठलं डबकं ओढ्याला मिळत नाही, हे शोधावं लागेल. तिथे दुसरा इलाज करावा लागणार: पाणी वाहतं करणं, खड्डा बुजवणं, टाकीला झाकण, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी ठेवायचा कोरडा दिवस. हे सगळे कंटाळवाणे इलाज आहेत आणि त्यांचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही.

आपला स्वतःचा अळ्या खाणारा मासा नाही का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आहे. डोक्यावर चमकता पांढुरका ठिपका असलेला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा अॅप्लोकायलस तुम्ही कोकणातल्या तळ्यांत, भातखाचरांच्या चरांत, देवळांच्या पुष्करिणींत पाहिला असेल. अळ्या तो आवडीनं खातो. पण तो अंडी घालतो, एकेक करून पाणवनस्पतींना चिकटवतो, आणि पिलं बाहेर यायला दोन आठवडे लागतात. पैदास केंद्रात त्याच्यासाठी वनस्पती लावाव्या लागतील, अंडी वेगळी काढावी लागतील आणि हे काम करायला एक माणूस नेमावा लागेल. गप्पीला टाकी आणि गाळणी पुरतात. निवड तिथे झाली.